वयगणना (जव्हार-मोखाडा)

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांतील जुनी माणसे वय सांगताना तारखेचा नव्हे, हंगामाचा आणि प्रसंगाचा आधार घेतात. खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर मूल कधीचे असे विचारले, तर ‘आवणीत (भातलावणीत) झालं’, ‘नागली कापताना’, ‘बोहाड्याच्या (मुखवट्यांच्या उत्सवाच्या) आधी’ अशी उत्तरे येतात. वर्ष ठरवायला मोठी घटना लागते : 1948 मधील जव्हार संस्थानचे विलीनीकरण किंवा 1972 चा दुष्काळ. सोम्या, बुध्या, शुक्री अशा नावांवरून कित्येकदा जन्मवारही कळतो.

बोलण्यात चालू वर्ष धरले जाते. ‘पाचवं लागलं’ म्हणजे पूर्ण वर्षे चारच. उपनयनासाठी गर्भापासून आठवे वर्ष मोजण्याची शास्त्रातली पद्धत याच जातीची. दक्षिण कोरियात मूल जन्मताच एक वर्षाचे मानत आणि 1 जानेवारीला सर्वांचे वय एकाने वाढवत; 28 जून 2023 पासून तेथे सरकारी व्यवहारात पूर्ण वर्षेच धरतात.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. घरीच बाळंतपण आणि दिवाळी सरताच वीटभट्टीवर स्थलांतर, अशा कुटुंबांत ही मुदत हुकत असे. मग शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून ही तारीख लिहून टाकत. ही रीत राज्यभर होती, म्हणून आजही दर 31 मे रोजी सरकारी नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांची गर्दी असते. म्हातारपणी श्रावणबाळ योजनेसाठी 65 वर्षे सिद्ध करायची वेळ येते, तेव्हाही अशा अंदाजी तारखेवरच सारे अवलंबून राहते.

लहान मुलांच्या बाबतीत अंदाज जिवावर बेततो. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाच्या बालमृत्यूंनी हा भाग राज्याला माहीत झाला. अंगणवाडीत वजन वयाशी ताडून पाहतात आणि वय महिन्यांत लागते. 7.1 किलो वजनाची मुलगी 12 महिन्यांची असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार साधारण गटात बसते. तीच 18 महिन्यांची असेल, तर तीव्र कमी वजनाची ठरते. सहा महिन्यांची चूक झाली, की आहार व उपचार ज्या मुलीला हवेत तिचे नाव यादीत येतच नाही.

आईला तारीख सांगता आली नाही, तरी आवणी चालू होती की मोहाची फुले पडत होती, हे ती सहसा विसरत नाही. त्यावरून जन्माचा महिना बऱ्याच जवळ ठरवता येतो. जन्मदाखला नसेल तेथे सेविकेने व सर्वेक्षकाने मनाने तारीख न टाकता आधी हंगाम विचारावा आणि मगच वजनाच्या तक्त्यावर खूण करावी.