वेताळ आणि त्याचा वाचक

बाळपणी ज्या पुस्तकांनी मनाचा ताबा घेतला, ती पुस्तके प्रौढपणी पुन्हा हाती आली म्हणजे माणसाची मोठी पंचाईत होते. पुस्तक तेच असते. त्यातील चित्रे, संवाद, शेवटचा न्यायनिवाडा, सारे जागच्या जागी असते. बदललेला असतो तो वाचक. बेंगळूरच्या ॲव्हेन्यू रोडवर किंवा चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांचे ढीग उपसणारे जे पन्नाशी-साठी ओलांडलेले गृहस्थ दिसतात, त्यांच्यापैकी काहींचा शोध 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या अंकांसाठी चाललेला असतो. एके काळी साठ पैशांना मिळणाऱ्या अंकासाठी ते त्याच्या कितीतरी पट दाम मोजायला तयार असतात. त्यांना हवा असतो वेताळ: जांभळा, अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी आणि पायाशी लांडगा. या वीराचे आणि त्याच्या वाचकाचे नाते गेल्या साठ वर्षांत कसे पालटत गेले, हा एक लहानसा, पण विचार करायला लावणारा इतिहास आहे.

हा वेताळ मूळचा अमेरिकेचा. त्याचे तिकडचे नाव फँटम. ली फॉक या तरुण लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याला वृत्तपत्रांतील चित्रमालिकेतून जगापुढे आणले. आरंभीची चित्रे रे मूर यांची होती. सुपरमॅन अवतरला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये. म्हणजे मुखवटा आणि तंग पोशाख घालणाऱ्या वीरांच्या घराण्यातला हा वडीलधारा. परंतु त्याला उडता येत नाही की त्याच्या छातीवर गोळ्या आपटून पडत नाहीत. कथा अशी की, १५३६ साली एका जहाजावर चाच्यांनी हल्ला केला. त्यातून वाचलेला एक इंग्रज तरुण किनाऱ्याला लागला. पित्याच्या मारेकऱ्याची कवटी हाती धरून त्याने शपथ घेतली, की आपण आणि आपले वंशज अन्यायाशी लढत राहू. तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच पोशाख चढवतो. चालू वेताळ एकविसावा आहे. रानातील लोकांना मात्र वाटते, की चारशे वर्षे हा एकच पुरुष जिवंत आहे. हे चालते-फिरते भूत आहे, त्याला मरण नाही. वेताळाचे सारे सामर्थ्य या समजुतीत साठवलेले आहे.

भारतात त्याचा प्रवेश १९४०च्या दशकात 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'च्या पानांतून झाला. पण तो घराघरांतील मुलांचा झाला, तो मार्च १९६४ पासून. त्या महिन्यात मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चालकांनी, इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिल्या बत्तीस अंकांत केवळ त्याच्याच कथा होत्या. पुढे जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन इत्यादी मंडळी आली, तरी १९९० मध्ये मालिका थांबेपर्यंत निघालेल्या एकंदर आठशेहून अधिक अंकांपैकी निम्म्याहून जास्त त्याचेच होते. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, कन्नड अशा अनेक देशी भाषांतून हे अंक निघाले. बंगालीत तो अरण्यदेव झाला, मराठीत वेताळ.

हे मराठी नामकरण मोठे अर्थपूर्ण ठरले. आपल्याकडे वेताळ म्हणजे केवळ विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारे भूत नव्हे. कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी करतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या नव्या वहाणा अर्पण करतात. रात्री सीमेवर फिरणारा, दुष्टांना धाक आणि सज्जनांना आधार देणारा हा देव मराठी मुलाच्या घरात आधीपासून होताच. अमेरिकेतून आलेल्या चालत्या-फिरत्या भुताला त्याचे नाव लाभताच तो परका राहिला नाही.

बेंगळूरसारख्या नगरीत तर या वीराला अनेक दारांनी प्रवेश मिळाला. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी भाषा या गावाला परिचित आहे. विसाव्या शतकात हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०), इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) हे कारखाने उभे राहिले, आणि देशाच्या नाना प्रांतांतून कुटुंबे येथे नोकरीसाठी आली. त्यांच्या वसाहतींत घरी एक भाषा, अंगणात दुसरी आणि शाळेत तिसरी, असा मुलांचा दिनक्रम असे. अशा ठिकाणी एकच कथा कोणी इंग्रजीत वाचावी, कोणी कन्नडात, कोणी मराठीत, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून ती खेळावी, यात नवल नव्हते. या वयातील वाचकाचे वेताळाशी नाते साधे असते. तो न्याय करतो, म्हणून तो आपला. कथेतील रानात आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला पडत नाही. तो वेताळाच्या शेजारी उभा असतो.

हा प्रश्न पडू नये, याची थोडी तजवीज प्रकाशकांनीही केली होती. मूळ मालिकेत वेताळाच्या देशाचे नाव 'बेंगाली' असे होते. त्याचे पिढीजात वैरी असलेले चाचे 'सिंग' टोळीचे होते, आणि विसाव्या वेताळाच्या खुन्याचे नाव चक्क 'रामा' होते. भारतीय आवृत्तीत बेंगालीचे 'डेंकाली' झाले, सिंगचे 'सिंगा' झाले आणि रामाचा 'रामालू' झाला. वाचकांची मने दुखावू नयेत, हा हेतू उघड आहे आणि तो योग्यही होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की ज्या मुलांनी या कथांची पारायणे केली, त्यांना हे रान मुळात आपल्याच देशाच्या आसपास कल्पिले होते, याचा पत्ता लागला नाही. ली फॉक यांनी तरी ते कोठे पाहिले होते? मालिका विकण्यासाठी सेंट लुईसहून न्यूयॉर्कला गेले तेव्हा ते स्वतःला जगप्रवासी म्हणवत. प्रत्यक्षात न्यूयॉर्कचा तोच प्रवास त्यांच्या आयुष्यातील सर्वांत लांबचा होता. त्यांचे पौर्वात्य अरण्य पुस्तकांतून आणि ऐकीव माहितीतून उगवलेले होते.

मुलगा वाढतो, महाविद्यालयात जातो, इतिहास वाचतो, आणि एके दिवशी जुना अंक उघडला असता त्याला खटकू लागते. एक गोरा पुरुष कवटीच्या सिंहासनावर बसून रानातील जमातींचे तंटे मिटवतो. त्याच्यावाचून त्या एकमेकींचे गळे कापतील, असे कथा गृहीत धरते. त्याच्या विश्वासू बुटक्या जमातीचे नाव 'बांदार', आणि 'बंदर' म्हणजे हिंदीत माकड. त्याच्या सत्तेचा पाया असा, की सामान्य लोकांना खरी गोष्ट ठाऊक नसावी. राज्य करणारे गोरे आले, त्यांनी शांतता आणली, एरवी तुम्ही भांडून मेला असता, हा युक्तिवाद १९४७ पर्यंत या देशाने पुष्कळ ऐकला होता. तोच युक्तिवाद आपण इतक्या प्रेमाने, गादीवर पालथे पडून, पुन्हा पुन्हा वाचला, ही जाणीव सुखाची नसते. ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण उभे होतो, त्याच्या मूळ कथेत आपली जागा समोरच्या गर्दीत होती, हे कळणे म्हणजे बाळपणाचा एक कोपरा हातचा जाणे होय.

या अस्वस्थतेला देशात उत्तरेही शोधली गेली, आणि त्यांतील एका उत्तराचा आरंभ बेंगळूरातच झाला. इंडिया बुक हाऊसचे येथील ग्रंथव्यवसायी जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये 'अमर चित्रकथा' प्रथम कन्नडात निघाली. गंमत अशी, की पहिल्या दहा पुस्तकांत सिंड्रेला, पिनोकिओ अशा पाश्चात्त्य बालकथाच होत्या. फक्त भाषा देशी होती. पुढे अनंत पै यांच्या संपादनाखाली मालिकेने भारतीय वळण घेतले आणि अकराव्या क्रमांकाला 'कृष्ण' आला. कर्नाटकातील कारकळचे हे पै त्यापूर्वी टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुसरे उत्तर खुद्द इंद्रजालने दिले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. तो डाकूचा मुलगा. कुर्ता आणि जीन्स घालणारा. गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारणारा. त्याला मुखवटा नव्हता आणि लोकांना अज्ञानात ठेवण्याची गरजही नव्हती. विचाराने पाहता बहादूर वेताळाहून पुढचा. तरीही वाचकांच्या मनातून वेताळ उठला नाही. ज्याची चूक आपल्याला दिसते त्याच्यावरचे प्रेम त्यामुळे आपोआप संपत नाही, हा अनुभव कुटुंबात सर्वांना असतो. पुस्तकांच्या बाबतीतही तो खरा आहे.

आणि मग असे ध्यानात येते, की पालटला तो केवळ वाचक नव्हे. वेताळाचा कर्ताही पालटत होता. आशिया-आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले, तसा त्याचा देशही सरकत गेला. बेंगालीचा पुढे 'बांगल्ला' झाला, तो आफ्रिकेत स्थिरावला, आणि तेथे लामांडा लुआगा नावाचा कृष्णवर्णीय डॉक्टर लोकांनी निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष झाला. वेताळ आता त्याचा मित्र आणि साहाय्यक होता. न्याय करणारे न्यायालय शहरात होते. १९७७ मध्ये वेताळाचे डायना पामरशी लग्न झाले, १९७९ मध्ये त्याला जुळी मुले झाली. १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत फॉक त्याच्या कथा लिहीत राहिले. त्रेसष्ट वर्षे एकाच वीराच्या सहवासात घालवणारा हा लेखक म्हणजे त्याचा पहिला आजन्म चाहता. त्याने आपला वीर टाकला नाही, आणि तो होता तसाही ठेवला नाही. पूर्वग्रह सारे गेले असे नाही. परंतु दिशा बदलली.

इंद्रजाल बंद पडल्यानंतर वेताळ दुसऱ्या प्रकाशकांकडे गेला, पण ती जुनी सत्ता त्याला परत मिळाली नाही. दूरदर्शन घरोघर पोहोचले होते. मुलांचा संध्याकाळचा वेळ तिकडे गेला. बेंगळूरही संगणकाचे नगर बनले. २०१२ पासून तेथे कॉमिक कॉन भरते, तीत नाना वीरांचे पोशाख घालून तरुण मंडळी येतात. बहुतेकांचे वीर निराळे आहेत. वेताळाचा वाचक आता संग्राहक झाला आहे. हलक्या कागदावर छापलेले ते अंक मुलांच्या हातांनी फाटले, रद्दीत गेले. ग्रंथालयांनी ते सहसा जपले नाहीत. म्हणून हा वाचक क्रमांकवार यादी करतो, फाटलेली पाने जुळवतो, मुखपृष्ठावरील चित्रकार बी. गोविंद यांचे नाव आठवणीने सांगतो, आणि कोणत्या अंकात कोणते नाव का बदलले, याची नोंद ठेवतो. यात बाळपणाचा मोह आहेच. परंतु एका पिढीने काय वाचले, याचा पुरावाही त्यामुळेच शिल्लक राहतो.

वेताळाच्या कवटी-गुहेत एक दालन आहे. तेथे एकवीस पिढ्यांनी लिहिलेल्या बखरींच्या जाड पोथ्या मांडलेल्या असतात. गुहेबाहेरच्या लोकांसाठी अमरत्वाची दंतकथा. आत मात्र प्रत्येक वेताळ कधी जन्मला, कसा झुंजला, कोणाच्या हातून मेला, हे लिहून ठेवलेले. वारसाने शपथ घ्यायची ती या बखरी जाणून. वाचकांच्या वारशालाही हीच रीत शोभते. आजोबांनी जपलेला अंक नातवाच्या हाती द्यावा, त्याला तो मनसोक्त वाचू द्यावा. आणि तो पुरेसा मोठा झाला म्हणजे डेंकाली हे नाव कोठून आले, तेही त्याला सांगावे.