मेरिटची परीक्षा नेमकी कोणासाठी?

आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरिट' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. परीक्षा सगळ्यांना सारखी, मग तक्रार कसली? या सवालाचे उत्तर द्यायचे तर आम्हाला अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास फार उपयोगी वाटतो. परीक्षा कोणाला लावली जाते आणि कोणाला माफ असते, हे तिथे उघड दिसते.

हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून धावायचा अमेरिकन फुटबॉल. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ३२ संघ आहेत. गेल्या काही दशकांत त्यातील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय राहिले आहेत, पण संघमालक जवळजवळ सगळे गोरे. १९७० च्या दशकात डॅलस काउबॉईज संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी नव्या खेळाडूंना 'वंडरलिक' नावाची बुद्धिचाचणी द्यायला लावली. १२ मिनिटांत ५० प्रश्न. पुढे सगळ्या लीगने ती उचलली आणि थेट २०२२ मध्ये सोडली.

ही वंडरलिक मुळात कारखान्या-कचेऱ्यांत नोकरभरतीसाठी वापरली जाणारी चाचणी. तिचा खरा चेहरा कोर्टात उघडा पडला तो ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात. नॉर्थ कॅरोलिनातील या कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वात जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वात कमी पगारापेक्षाही कमी होता. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतील वंशभेदाला बंदी करणारा कायदा लागू झाला. त्याच दिवशी कंपनीने इतर विभागांत नव्याने येणाऱ्यांसाठी दोन चाचण्यांची अट घातली. त्यातली एक वंडरलिक! शिवाय हायस्कूल पास असण्याची अट होतीच. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते, तर कृष्णवर्णीय पुरुष फक्त १२ टक्के. गंमत म्हणजे, या अटी येण्यापूर्वी लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तीच कामे व्यवस्थित करत होते.

८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश बर्गर यांनी आपल्यालाही ठाऊक असलेल्या कोल्हा-करकोच्याच्या गोष्टीचा दाखला दिला. दोघांना एकाच भांड्यात दूध वाढले म्हणजे समान संधी होत नाही. हेतू काहीही असो, परीक्षेचा त्या कामाशी संबंध नसेल आणि तिच्यामुळे एक समूह बाहेर पडत असेल, तर तो भेदभावच.

आता प्रशिक्षकांकडे वळू. १९२१ मध्ये फ्रिट्झ पोलार्ड हे अॅक्रन प्रोज संघाचे प्रशिक्षक होते. आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल नेमले गेले १९८९ मध्ये. मधल्या काळातले कृष्णवर्णीय कोणत्या परीक्षेत नापास झाले? कोणत्याच नाही. कारण प्रशिक्षकासाठी अशी परीक्षाच नव्हती. मालकाची पसंती, जुनी ओळख, 'आपल्यातला माणूस' एवढेच निकष. डोके चालवायची जागा मानली गेलेल्या क्वार्टरबॅकच्या स्थानापासून कृष्णवर्णीयांना दूर ठेवले गेले. समाजशास्त्रात याला 'स्टॅकिंग' म्हणतात. आधी अनुभव मिळू द्यायचा नाही, आणि नंतर अनुभव नाही म्हणून पद द्यायचे नाही!

२००२ मध्ये वकील जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी यांनी आकडेवारी मांडून दाखवले की कृष्णवर्णीय प्रशिक्षक सरासरीने जास्त सामने जिंकून देतात, तरी त्यांना उशिरा नेमतात आणि लवकर काढतात. त्याच वर्षी टँपा बेने काढून टाकलेल्या टोनी डंजी यांनी २००७ मध्ये इंडियानापोलिसला सुपर बोल जिंकून दिला. हा अहवाल आणि त्यामागचा दबाव यांतून २००३ चा 'रूनी नियम' आला. मुख्य प्रशिक्षक नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, अशी तेव्हा त्याची अट होती. पण मुलाखत सक्तीची, नेमणूक मालकाच्या मर्जीची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस यांनी खटला भरला. त्यांचा आरोप असा की आपल्या मुलाखतीआधीच न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्याला पसंत केले होते, आपल्याला फक्त नियम भरण्यासाठी बोलावले. संघाने आरोप नाकारला. त्या दिवशी ३२ संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता फक्त एक.

याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. डोक्याला मार बसून मेंदू खराब झालेल्या माजी खेळाडूंना भरपाई देताना कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी धरली जात होती. म्हणजे नुकसान कमी दिसायचे, भरपाई नाकारता यायची. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करण्याचे कबूल केले.

मित्रांनो, हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले ते याच साम्याच्या जाणिवेतून. २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात अप्रत्यक्ष भेदभावाचा विचार करताना ग्रिग्जचाच आधार घेतला. म्हणजे हे हत्यार आता आपल्याही कायद्यात आले आहे. ते आपण वापरायला शिकले पाहिजे.

आम्ही परीक्षेच्या विरोधात नाही. आमचे तरुण रात्रंदिवस अभ्यास करून परीक्षा देतातच. पण यापुढे कोणी मेरिटचा धडा शिकवायला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. या परीक्षेचा त्या कामाशी संबंध काय? तिच्यामुळे कोण गाळला जातो? आणि ज्या खुर्चीवरून भरतीचे निर्णय होतात, त्या खुर्चीवर बसणाऱ्याने कोणती परीक्षा दिली?