घरातल्या दोन खोल्या किरायाने देताय? आधी दार, मीटर आणि कागद वेगळे करा

सोनपेठ : पोरं नोकरीला पुण्याला गेली आणि चार-पाच खोल्यांच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच उरले, हे चित्र तालुक्याच्या गावांत आता नवं नाही. दुसरीकडं बदलीवर आलेले शिक्षक, बँकेचे कर्मचारी, नर्स आणि मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेली कुटुंबं खोल्या शोधत फिरतात. तरीही अनेकांचं अर्धं घर कुलपातच राहतं, कारण "किरायदार निघालाच नाही तर?" ही धास्ती. घरात वेगळं बिऱ्हाड बसवताना कोणती कामं करायची आणि कोणता कागद करायचा, याची ही माहिती.

धास्ती कुठून आली?

मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा 1954 मध्ये घरभाड्याचा वेगळा कायदा झाला. मुंबई भागात 1947 चा कायदा होता. दोन्हीत ठरावीक कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नसे. ते जुने कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. यात राहण्यासाठी 'लिव्ह अँड लायसन्स'ने दिलेल्या जागेची वेगळी सोय आहे. कलम 24 नुसार मुदत संपल्यावर जागा खाली केली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मिळू शकते.

शंभरच्या बाँडवर भागत नाही

शंभर रुपयांच्या बाँडवर अकरा महिन्यांचा करार लिहायचा आणि नोटरी करायची, ही सर्रास पद्धत. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत किरायदाराचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करार अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणीतून सुटका नाही.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. समजा, महिना 3000 रुपये किराया, 10,000 डिपॉझिट आणि 11 महिने मुदत. किरायाचे 33,000 आणि डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे 917 रुपये. त्यावर शुल्क 85 रुपयांच्या आसपास, म्हणजे पूर्णांकात 100. नोंदणी फी शहरी भागात 1000, ग्रामीण भागात 500 रुपये. दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा आधारच्या अंगठ्यावर ऑनलाइन नोंदणी होते. गॅस, बँक, शाळाप्रवेश यासाठी किरायदारालाही हा कागद उपयोगी पडतो.

भिंत फोडण्याआधी

जुनं घर दगड-मातीचं आणि वर माळवद असेल तर नवं दार पाडायची घाई नको. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंती आणि जड माळवदाखाली हजारो माणसं गेली. अशा भिंतीत दार काढायचं किंवा वर खोली चढवायची, तर आधी इंजिनिअरला दाखवा. त्यापेक्षा अंगणाकडून किंवा बोळातून आधीच असलेलं दार वापरता आलं तर बरं.

खोली वाढवायची असेल तर पाया काळ्या मातीत थांबवू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे जातात. पाया मुरुमापर्यंत न्या. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून संडासाचा शोषखड्डा मोठा आणि बोअरपासून लांब घ्या. नव्या बांधकामाला गावात नगर परिषदेची परवानगी लागते. खोल्या वाढवल्यावर किंवा किरायाने दिल्यावर घरपट्टीची आकारणी बदलू शकते, तेही तिथंच विचारून घ्या.

मीटर आणि पाणी

किरायाच्या घरातली निम्मी भांडणं लाइटबिलावरून होतात. महावितरणचे घरगुती दर 0 ते 100, 101 ते 300 युनिट असे टप्प्यांचे आहेत. दोन कुटुंबांनी 90-90 युनिट जाळले आणि मीटर एकच असलं, तर वरच्या 80 युनिटला चढा दर लागतो. वेगळ्या बिऱ्हाडाला वेगळं मीटर मिळालं तर दोघंही शंभरच्या आत राहतात. ते होईपर्यंत सबमीटर बसवा आणि युनिटचा दर करारात लिहा. उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड, टाकी कुणाची, टँकरचे पैसे कोण देणार, हेही लिहा.

परवडतं का?

संडास-न्हाणी, ओटा, दार आणि वायरिंगला दीड लाख लागले असं धरू. 3000 किरायाने वर्षाचे 36,000. एक महिना खोली रिकामी गेली तर 33,000. रंगरंगोटी आणि घरपट्टीचे 5000 वजा केले की 28,000 उरतात. म्हणजे पैसे फिटायला साडेपाच वर्षांच्या आसपास. कर्ज काढून करणार असाल तर व्याज यात धरा. प्राप्तिकराच्या हिशोबात घरपट्टी वजा जाता उरलेल्या किरायातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत.

भावकीची संमती

घर वडिलांच्या नावावर किंवा सामाईक असेल तर करार कुणी करायचा, हे आधी ठरवा आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती घ्या. नाहीतर किरायदार बाजूला राहतो आणि वाद भावाभावात लागतो.

करारासाठी जवळ ठेवा : मालमत्तेचा उतारा किंवा घरपट्टीची पावती, लाइटबिल, दोन्ही बाजूंचं आधार आणि पॅन, दोन साक्षीदार व त्यांचं आधार. घरातल्या पंखे-बल्बची आणि मीटरच्या रीडिंगची नोंद करून दोघांच्या सह्या घ्या. किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर द्या. मुदत संपायच्या महिनाभर आधीच नवा करार करायचा की खोली खाली करायची, ते विचारून घ्या. मुदत संपलेल्या कागदावर किराया घेत राहू नका.