बालरुग्णालयाची रचना : रुग्ण व कुटुंबीयांचा सहभाग

नवे बालरुग्णालय बांधावयाचे असता त्याची जागा, नकाशा, खाटांची मांडणी, नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय आणि भेटीच्या वेळा यांविषयीचे निर्णय केवळ वास्तुविशारद, वैद्य व खजिनदार यांच्यावर न सोपविता, ज्या मुलांनी आजारपण भोगले आणि ज्या आईबापांनी त्यांच्या उशाशी रात्री काढल्या, त्यांनाही त्या विचारविनिमयात आरंभापासून सामील करून घेण्याची पद्धती. या व्याख्येत ‘आरंभापासून’ या शब्दावर भर आहे. पाया भरून झाल्यावर भिंतींना रंग कोणता द्यावा एवढेच विचारणे याला सहभाग म्हणता येत नाही. आजारी मुलाबरोबर अवघे घर दवाखान्यात येते : आई खाटेपाशी, बाप औषधांच्या व रक्ताच्या धावपळीत, आजी डबा घेऊन, आणि धाकटे भावंड शेजाऱ्यांकडे. जुन्या इमारतींचे नकाशे मात्र रुग्ण एकटाच येतो असे गृहीत धरून काढलेले असत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील बालरुग्णविभागांत आईबापांना आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटू देण्याचा शिरस्ता होता, आणि आईला पाहून मूल रडते, म्हणून आईला दूर ठेवावे, असा त्यामागील युक्तिवाद होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील दिवसांवर काढलेल्या चित्रपटाने या युक्तिवादाला धक्का दिला. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटीवरील निर्बंध उठविण्याची आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू देण्याची शिफारस केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने स्वतःविषयीच्या निर्णयांत मत मांडण्याचा मुलाचा अधिकार मान्य केला आणि १९९२ मध्ये भारतानेही ती संहिता स्वीकारली. लिव्हरपूल येथील ‘आल्डर हे’ हे बालरुग्णालय २०१५ मध्ये लगतच्या उद्यानात नव्याने उभे राहिले, तेव्हा मुलांच्या सूचना व चित्रे रचनेच्या विचारात घेतली गेली होती.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण केवळ मुलांच्या रुग्णालयाचे नाही, आणि ते मुंबईतलेही नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केल्यावर, आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. मिळालेली उत्तरे कोणत्याही तज्ज्ञाच्या टिपणात सापडली नसती : मोठ्या इमारतीत भीती वाटते, डॉक्टर व परिचारिका पांढरी वस्त्रे नेसतात आणि पांढऱ्या कापडात तर प्रेत गुंडाळतात, आमची भाषा तेथे कोणाला येत नाही, आणि वेळ संपली की आमच्या माणसांना बाहेर काढतात. या उत्तरांतूनच संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयाचा आराखडा सिद्ध झाला. खाटांच्या ओळींचे दालन टाळून गावातल्या घरांसारख्या झोपड्या बांधल्या गेल्या, रुग्णाबरोबर कुटुंबाने राहावे अशी तजवीज झाली, आणि नावही लोकांच्याच इच्छेने त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी दवाखाना, असे ठेवले गेले. ज्या भीतीला अज्ञान म्हणून झटकून टाकण्याची वहिवाट होती, त्या भीतीत इमारतीविषयीचे नेमके ज्ञान दडलेले होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच संस्थेने नवजात बालकांची काळजी घरातच, प्रशिक्षित गावकरी स्त्रीच्या हाती सोपविली. गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात मृत्यूंत मोठी घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दवाखाना घरासारखा करणे आणि दवाखान्यातील काळजी घरात नेणे, ही दोन्ही कामे लोकांच्या ज्ञानावरील एकाच विश्वासातून निघाली.

मुंबईत मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची परंपरा जुनी आहे. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून चालू आहे. परंतु नकाशापूर्वी कुटुंबाला विचारण्याची प्रथा येथे रुजली नाही. जे घडले ते बहुधा उपचारांच्या अंगाने घडले. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी स्थापन केली, आणि त्या दुधाची मूळ दात्री असलेल्या आईचे स्थान त्या विभागात मध्यवर्ती झाले. पुढे केंद्र शासनाने २०१७ मध्ये नवजात कक्षांत कुटुंबाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कारभारातील सहभागाचा पायंडा १९९४ च्या सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रोगी कल्याण समितीच्या रूपाने पडला, आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तो देशभर नेला. तथापि अशा समित्यांत लोकप्रतिनिधी व अधिकारी यांना जशी जागा मिळते, तशी सध्या दाखल असलेल्या मुलाच्या आईला क्वचितच मिळते.

ही उणीव मुंबईतल्या एका वस्तीत कशी जाणवते हे पाहण्यासाठी वाकोल्याचा संदर्भ येथे मुद्दाम द्यावयाचा आहे. सांताक्रूझ पूर्वेचा हा भाग महापालिकेच्या एच पूर्व विभागात मोडतो. द्रुतगती महामार्ग, वाकोला नाला, जुनी वस्ती आणि दाट झोपडपट्ट्या यांची येथे एकमेकांत गुंतागुंत झालेली आहे. जवळचे महापालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय सर्वसाधारण आहे. गंभीर आजाराच्या मुलाला पुढे सायन वा परळ येथे न्यावे लागते. फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ संस्थेने एच पूर्वसह सहा विभागांतील ४८ वस्त्यांत, निम्म्या वस्त्यांत स्त्रियांचे गट भरवून, एक मोठी चाचणी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंत घट आढळली नाही. हा निष्कर्ष दडवून ठेवू नये. केवळ वस्तीत सभा भरविल्याने रुग्णालयाच्या भिंती, खाटा आणि वेळापत्रक बदलत नाही, म्हणून नकाशाच्या मेजाभोवतीच आईची खुर्ची असावी लागते, असा त्याचा अर्थ प्रस्तुत लेखक घेतो.

वाकोल्यातील एखाद्या बाईला नव्या बालरुग्णालयाविषयी विचारले, तर ती प्रथम रंग वा बाग सांगणार नाही. रात्री खाटेजवळ पाठ टेकण्यापुरती जागा, अंगावर पाजताना आडोसा, दूध गरम करण्यास शेगडी, दुसऱ्या लेकराला सोबत आणण्याची मुभा, रात्रपाळीच्या नवऱ्याला पहाटे भेटू देणारा दरवान, आणि डिस्चार्जचा कागद वाचून दाखविणारा कोणी तरी माणूस, या तिच्या मागण्या असतील. त्यांतील बहुतेकांची सोय इमारत उभी राहण्यापूर्वी करावी लागते. आडोशाची भिंत, शेगडीची खोली आणि आईची खाट नंतर घुसवावयाची म्हटली, की जागा उरत नाही.