डिस्कोच्या ठेक्यावर मालकंस

पानाच्या गादीवर टेपरेकॉर्डर लावलाय आणि त्यावर डिस्को चालू आहे. साल १९८२, शहर मुंबई. 'कुर्बानी' येऊन दोन वर्षं होत आली, तरी नाझिया हसनचा आवाज या गादीवरून हललेला नाही. गिरणगावात १८ जानेवारीपासून संप आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाख कामगार बाहेर पडलेत, भोंगे बंद आहेत. सिनेमाच्या धंद्यात मात्र संगीतकारापासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे, ठेका. मिथुनचा 'डिस्को डान्सर' वर्षअखेरीस येणार आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, पानवाल्याला अजून नाही.

तुम्ही एचएमव्हीच्या स्टुडिओत शिरता. दारावर कोणी अडवत नाही. पुढच्या काळातून आलेल्या माणसाची हजेरी कोण मांडणार?

आत गेल्यावर आधी जाणवते ती रिकामी जागा. मुंबईतलं रेकॉर्डिंग म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, कोपऱ्यात तबला-ढोलक, हात वर करून उभा असलेला अरेंजर, असं चित्र तुमच्या डोक्यात आहे. इथे वाजवणारा माणूस एकच. वय बेचाळिशीचं. नाव चरणजित सिंग. समोर तीन जपानी यंत्रं, तिन्ही रोलँड कंपनीची, तिन्ही जेमतेम वर्ष-दोन वर्षं जुनी. ज्युपिटर-८ हा भलाथोरला सिंथेसायझर, एका वेळी आठ सूर धरणारा. टीआर-८०८ हे ताल देणारं यंत्र, खाली लाल-केशरी-पिवळ्या-पांढऱ्या बटणांची सोळाची ओळ. आणि टीबी-३०३, चंदेरी प्लॅस्टिकचा हलका डबा, बॅटरीवरही चालणारा. तबला नाही, तानपुरा नाही, सारंगी नाही. ते मुद्दामच. सिनेमात डिस्कोचा एवढा धुमाकूळ चाललाय, तर त्याच ठेक्यावर आपले राग का वाजवू नयेत, तबला बाजूला ठेवून? कल्पना एवढीच.

त्या चंदेरी डब्याकडे जरा जवळून बघा. तो घडवला एकट्या गिटारवाल्यासाठी, बासवाला जोडीला नसेल तर मागे खर्जाची साथ द्यायला. त्या कामात तो पार नापास झाला. खऱ्या बास गिटारसारखा तो वाजतच नाही, आणि १९८४ साली कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. त्यात सुरावट भरायची पद्धतही विचित्र. आधी नुसते स्वर एकामागून एक भरायचे, लयीचा पत्ता नाही. मग दुसऱ्या फेरीत त्याच स्वरांना काळ द्यायचा: हा इथे पडेल, हा लांबेल, इथे विश्रांती. अशी सोळा घरं. पाश्चात्त्य वादक या पद्धतीला वैतागले. पण गुरुजींपुढे बसून आधी आरोह-अवरोह घोकायचे आणि मग ते ठेक्यात बसवायचे, या वाटेने गेलेल्या माणसाला त्यात काय अवघड?

शिवाय त्यावर एक बटण आहे. ते लावलं की एक स्वर संपून दुसरा सुरू होत नाही, पहिला घसरत दुसऱ्यावर जातो. कंपनीच्या लेखी ती बासवाल्याची बोट घसरवण्याची लकब. तुम्ही कान देऊन ऐका. तोडीतला कोमल गंधार खालून वर खेचला जातोय आणि तुमच्या तोंडून 'मींड' हा शब्द निघून जातो. मींड म्हणजे एवढंच नव्हे, हे मान्य. यंत्राची घसरण दर वेळी तेवढ्याच वेळात होते, गवयाची होत नाही. शास्त्रीयवाल्यांनी नाक मुरडलं तर त्यांना दोष देता येणार नाही. पण हार्मोनियमवर हे मुळीच होत नाही आणि तरी आपण शंभर वर्षं पेटीला मांडीवर घेऊन बसलोय, हेही त्यांना सांगायला हरकत नसावी.

रागांची यादी वाचा: ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी… एकूण दहा. भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार तर पाचच स्वरांचे. सोळा घरांच्या यंत्राला पाच स्वर म्हणजे मेजवानी. उलटेपालटे करून फिरवत राहा, राग मोडत नाही. आणि षड्ज हलत नाही. डिस्कोच्या गाण्यात मागे कॉर्ड बदलत राहतात, इथे एकही बदलत नाही. खाली ८०८चा ढोल एकसारखा पडतोय, मध्ये ३०३ गरगरतोय, वर ज्युपिटरवर सिंगांचा उजवा हात आलाप सोडून थेट तानांना भिडतोय. थोड्या वेळाने ते गाणं राहत नाही, डोकं भरून टाकणारी गुंगी होते. मालकंसाला मध्यरात्र लागत नाही, ललतला पहाट लागत नाही. सगळे राग एकाच प्रहरात, डिस्कोच्या.

एवढं सगळं दोनेक दिवसांत उरकतं. हा वेग कुठून आला, ते बघायला तुम्हाला अकरा वर्षं मागे जावं लागेल.

१९७१. मुंबईतलाच दुसरा एक स्टुडिओ, या वेळी खचाखच भरलेला. देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा', काठमांडूतले हिप्पी, चिलमीचा धूर. पंचमदांनी बांधलेलं 'दम मारो दम' आशाताई गाणार आहेत. गिटारवर भूपिंदर सिंग. आणि त्या गिटारच्या तळाशी जो एक सूर घुमत राहतो, डोळे जड करणारा, तो चरणजित सिंगांच्या ट्रान्झिकॉर्डचा. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे इटलीच्या फार्फिसा कंपनीचा विजेवर चालणारा अकॉर्डियन. सायकेडेलिक हा शब्द तेव्हा मुंबईत कोणी फारसा उच्चारत नव्हतं, पण चित्रपटाला नशा हवी होती आणि ती पुरवायचं काम शिफ्टवर आलेल्या एका वादकाकडे होतं. सगळे एकत्र वाजवतात. एक चुकला तर टेक पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चुकायचं नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव येणार नाही, हे गृहीतच.

विजेच्या वाद्यांशी मुंबईचं नातं याहूनही जुनं. १९५४च्या 'नागिन'मधली बीन ही बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवलेली ती सुरावट ऐकून पडद्यावरचाच काय, पिटातला नागही डोलला असता. मग सिंथेसायझर आले, ताल देणारी यंत्रं आली. सिंग त्या प्रत्येकाच्या मागे लागले. सिनेमातल्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डींचा तेव्हा मोठा बाजार होता. पुण्याचे एनॉक डॅनियल्स अकॉर्डियनवर वाजवत, व्हॅन शिप्ले गिटारवर. सिंगांनीही तशा रेकॉर्डी काढल्या, लग्नसमारंभांत वाद्यवृंद घेऊन वाजवलं. दहा रागांची ही रेकॉर्ड मात्र कुठल्या चित्रपटासाठी नाही, कुणा संगीतकाराच्या सांगण्यावरून नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या चालीत सूर भरणाऱ्या माणसाने स्वतःच्या हौसेने केलेलं हे काम.

ते खपलं का? रेडिओवर त्यातले तुकडे थोडेफार वाजले. पुढे काही नाही. रागदारीवाल्यांना ते यांत्रिक वाटलं असणार, आणि डिस्कोवाल्यांना त्यात गाणं कुठे सापडेना.

आता भाऊच्या धक्क्यावर या. १९८३च्या थंडीतली सकाळ, पणजीची बोट लागलीय. डेकवर चटया टाकून बसलेल्या कोकणी कुटुंबांमध्ये दाढीवाले गोरे मिसळलेत, डोक्याखाली पिशवी, पायात काही नाही. दुसऱ्या दिवशी पणजी, तिथून म्हापसा, तिथून हणजूण. पौर्णिमेची रात्र. माडांच्या बुंध्यांना फ्लुरोसंट रंगाचे पट्टे मारलेत, वाळूत स्पीकर उभे केलेत. कडेला गावातल्या बाया चटई अंथरून, कंदील लावून, स्टोव्हवर चहा उकळत बसल्यात. "चा जाय?" म्हणून तुम्हालाही विचारलं जातं. पुढची पंधरा-वीस वर्षं या पार्ट्यांचा सर्वांत पक्का हिशेब या चटयांवर चालणार आहे. बाकी कुणाचाच हिशेब इथे लागत नाही.

आधी या किनाऱ्यावर रॉक आणि रेगे वाजे. कॅलिफोर्नियाहून आलेला गिल्बर्ट लेव्ही, म्हणजे गोवा गिल, त्या काळापासूनचा. आता हवा बदलतेय. लोराँ आणि फ्रेड डिस्को यांच्यासारखे फ्रेंच डीजे युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक बँडच्या कॅसेटी आणून, गाण्यातले शब्द कापून टाकून, नुसता ठेका आणि यंत्रांचे आवाज रात्रभर जोडत नेतात. तबकड्या नाहीत, उन्हाने वाकतात, वाळूने ओरखडतात. नाचणाऱ्यांच्या जिभेवर एलएसडीचा कागद आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या संगीताचा आकारच त्या नशेच्या लांबीने ठरत गेला: रात्रभर न थांबणारं, शब्द नसलेलं, एकाच आधारसुरावर फिरणारं.

तुम्हाला एक खोडी सुचते. खिशात मुंबईहून आणलेली ती रेकॉर्ड कॅसेटवर उतरवलेली आहे असं धरा. पहाटे चारच्या सुमारास मालकंस लावला असता, तर? इथे भगव्या लुंग्या आहेत, शिवाची चित्रं आहेत, ओमकाराचे कपडे आहेत. भारत शोधायला आलेल्या या माणसांच्या टेपमध्ये भारत तेवढा नाही. त्यांना जे हवंय ते एका रात्रीच्या बोटप्रवासाच्या अंतरावर तयार होऊन पडलंय आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

गंमत पुढे आहे. नव्वदीत या किनाऱ्याच्या नावाने गोवा ट्रान्स हा अख्खा प्रकार उभा राहिला. १९९४ साली लंडनमध्ये राजा राम आणि मंडळींनी टिप रेकॉर्ड्स काढली, १९९५ साली सायमन पोसफर्डचा हॅल्युसिनोजेन या नावाने 'ट्विस्टेड' आला. छोट्या स्वतंत्र कंपन्या, घरच्या खोलीत बसून काम करणारे एकांडे संगीतकार. त्या संगीतात ३०३ची गरगर आहेच. वरच्या सुरावटी ऐका, कोमल रिषभाशेजारी शुद्ध गंधार, खाली कोमल धैवत. वसंतमुखारी किंवा भैरवाच्या दारात नेऊन उभं करणारे सूर. दहा वर्षांपूर्वी मुंबईत केलेलाच घाट हा, दुसऱ्या बाजूने चढलेला.

मध्ये शिकागोला एक धावती चक्कर. तिथल्या काही पोरांच्या हाती सेकंडहँड ३०३ लागला. त्यांनी सुरावटीचा नाद सोडला आणि त्याची बटणंच पिळत बसले. आवाज चिरकतो, चिघळतो, बुडबुडतो. फ्यूचर या नावाने १९८७ साली त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' आली आणि ॲसिड हाउस जन्माला आलं.

२००२. दिल्लीतलं जुन्या रेकॉर्डींचं दुकान. एदो बाउमन नावाचा डच संग्राहक गठ्ठे उपसतोय. एका रेकॉर्डच्या वेष्टनावर यंत्रांची नावं छापलेली पाहून तो थबकतो, जवळच्या छोट्या प्लेअरवर सुई टेकवतो. पुढे तो मुंबईत सिंगांना शोधून काढतो आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर ती रेकॉर्ड पुन्हा काढतो. युरोपात खळबळ. १९८२ साली असं वाजणं शक्यच नाही, एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने केलेली ही थट्टा असणार, असंही लोक म्हणाले. थट्टा नाही म्हटल्यावर दुसरं टोक गाठलं: ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा!

इथे मी तुमचा हात धरून थांबवतो. ही पदवी त्यांना शोभत नाही, आणि त्यांना तिची गरजही नाही. ॲसिड म्हणजे ३०३ डबा नव्हे, त्याची बटणं पिळणं. ते शिकागोच्या पोरांनी केलं, सिंगांची रेकॉर्ड न ऐकता. सिंगांनी केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड. त्यांनी त्या डब्याकडून सूर काढून घेतला. पहिला कोण, हा प्रश्न पाश्चात्त्य संग्राहकांना महत्त्वाचा, कारण त्यावर रेकॉर्डची किंमत ठरते. आपण निदान रागाचं काय झालं ते तपासावं. यमन ठीक, मेघमल्हार उत्तम, ललतचे दोन मध्यम त्या गतीत जरा चेंगरतात.

सत्तरी ओलांडल्यावर सिंग युरोपातल्या मंचांवर हे राग घेऊन गेले. नातवंडांच्या वयाची पोरं नाचली. मागे उभे राहून तुम्ही फक्त त्यांचे हात बघा. चेहरा १९७१ सालच्या शिफ्टवरचाच: काम आहे, चुकायचं नाही.

५ जुलै २०१५ रोजी मुंबईत ते गेले. परदेशी वर्तमानपत्रांत ॲसिड हाउस हे शब्द मथळ्यात होते. इकडे जुन्या गाण्यांच्या शौकिनांनी ट्रान्झिकॉर्डची आठवण काढली. आता तुम्ही तुमच्या काळात परत आलाच आहात, तर पुढच्या लग्नात ऑर्केस्ट्राने 'दम मारो दम' उचललं की गिटारवाल्याऐवजी की-बोर्डवाल्याकडे बघा. नव्वद टक्के वेळा तळाशी घुमणारा तो सूर तो गाळूनच टाकतो.