समुद्री मत्स्यालयातील परजीवी रोग आणि तांब्याचा उपचार : एका औषधाचा इतिहास

प्रस्तावना

मद्रासमध्ये १९०९ साली सागरी मत्स्यालय उघडले आणि मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. ही दोन्ही ठिकाणे समुद्राच्या अगदी काठावर होती. ताजे खारे पाणी जवळ असणे ही मत्स्यालयाची मोठी सोय असते. पण जिथे समुद्र दूर आहे तिथे तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरावे लागते. अशा बंद पाण्यात मासे का मरतात आणि त्यांना कसे वाचवावे, या प्रश्नांचे उत्तर शोधायला विसाव्या शतकाचा बराच काळ खर्च झाला. या पाठात आपण त्या शोधाचा इतिहास पाहू. हा इतिहास औषधाइतकाच निरीक्षणाचाही आहे, हे वाचताना तुमच्या लक्षात येईल.

१. बंद पाण्याचा धोका

परजीवी सूक्ष्मजीव समुद्रातही असतात, पण तिथे त्यांना यजमान मासा सापडणे कठीण असते. एका परजीवीपासून शेकडो पिल्ले निर्माण झाली, तरी अथांग पाण्यात त्यांतील बहुतेक मासा न सापडताच मरतात. टाकीत हे गणित उलटते. मासे पळून जाऊ शकत नाहीत, पाणी बदलत नाही आणि प्रत्येक पिढीला यजमान हाताशीच मिळतो. समुद्रात माशाला फारसा त्रास न देणारा जीव टाकीत काही दिवसांत सगळे मासे मारू शकतो.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक ‘फिश हाउस’ उघडले. तिथेच १९२४ साली मोठे नवे मत्स्यालय बांधण्यात आले. लंडन समुद्रकाठी नाही. त्यामुळे बंद पाण्याचा प्रश्न या शहरात ठळकपणे पुढे आला, यात नवल नाही.

२. परजीवीची ओळख : लंडन आणि न्यूयॉर्क

१९३१ साली ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या मत्स्यालयातील माशांच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर आढळलेल्या एका नव्या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला ‘ओओडिनियम ऑसेलॅटम’ असे नाव दिले. हा जीव डायनोफ्लॅजेलेट गटातला, म्हणजे अनेक सूक्ष्म समुद्री वनस्पतिप्लवकांचा नातलग होता. १९३४ साली ब्राउन यांनी त्याच्यामुळे येणाऱ्या साथीचा अधिक सविस्तर अभ्यास मांडला. १९४६ साली ब्राउन आणि ओव्हास यांनी या जीवासाठी ‘अमायलोओडिनियम’ ही वेगळी प्रजाती केली. या नावातील ‘अमायलो’ म्हणजे स्टार्च. दरम्यान १९३६ साली न्यूयॉर्क मत्स्यालयाच्या रॉस निग्रेली यांनी या परजीवीची रचना आणि जीवनचक्र तपासून प्रसिद्ध केले.

या अभ्यासांतून जे जीवनचक्र उलगडले, त्यात तीन अवस्था आहेत.

(अ) माशावर चिकटून अन्न शोषणारी अवस्था. ती मुख्यतः कल्ल्यांवर असते. म्हणून अंगावर काही दिसण्याआधीच मासा धापा टाकू लागतो.
(आ) माशावरून सुटून टाकीच्या तळाशी बसणारी अवस्था. ती भोवती कवच तयार करते आणि आत विभाजन पावत राहते.
(इ) कवचातून बाहेर पडणारी, पोहत नवा मासा शोधणारी अवस्था. एका कवचातून २५६ पर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात.

उपचाराचा पुढचा सगळा इतिहास या तीन अवस्थांभोवती फिरतो.

३. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

गोड्या पाण्यातील माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या ‘इक्थिऑफ्थिरियस’ या जीवाला फ्रान्समध्ये फूके यांनी १८७६ सालीच नाव दिले होते. खाऱ्या पाण्यातील माशांवर तसेच ठिपके दिसतात, याचे वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी १९३० च्या दशकात केले. १९५१ साली ब्राउन यांनी त्या परजीवीला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नाव दिले. १९६६ साली निग्रेली आणि रुजिएरी यांनी न्यूयॉर्क मत्स्यालयात त्याच्यामुळे आलेल्या साथींची नोंद केली.

दोन्ही रोग दिसायला सारखे असल्यामुळे समुद्री रोगाला बराच काळ गोड्या पाण्यातील रोगाचा भाऊ मानले गेले. पुढे जनुकीय अभ्यासातून दिसले की हे दोन जीव जवळचे नातलग नाहीत. सारख्या जगण्यामुळे त्यांची रूपे सारखी झाली होती.

या रोगात एक फसवणूक आहे. काही दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि पाळणाऱ्याला मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून तळाशी गेलेला असतो. थोड्याच दिवसांत तो अनेक पटींनी परततो. या काळात जे काही ‘औषध’ टाकले असेल, त्याला विनाकारण श्रेय मिळते. अनेक निरुपयोगी उपायांची कीर्ती अशीच टिकून राहिली.

४. मोरचुदाचा मार्ग

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आपल्याकडे द्राक्षबागायतदारांना चांगले माहीत आहे. चुना आणि मोरचूद एकत्र करून बनणारे बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकापासून बुरशीविरुद्ध वापरले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली ओओडिनियमने ग्रासलेल्या माशांवर तांब्याचा उपचार प्रसिद्ध केला. पुढे तो जगभर रूढ झाला.

तांबे कोणत्या अवस्थेवर काम करते, हे नीट समजून घ्या. माशावर चिकटलेल्या आणि कवचातल्या परजीवीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ते मारते पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून एक दिवस औषध टाकून काही साधत नाही. सगळी कवचे फुटून शेवटचे पिल्लू बाहेर येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे किंवा त्याहून अधिक, पाण्यात तांबे टिकवावे लागते.

मात्रा फार अरुंद मर्यादेत ठेवावी लागते. सामान्यतः प्रतिलिटर ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे ठेवतात. यापेक्षा कमी झाले तर परजीवी वाचतो, बरेच जास्त झाले तर मासा मरतो. हजार लिटर पाण्यात ०.२ ग्रॅम तांबे म्हणजे मोरचुदाचे जेमतेम ०.८ ग्रॅम. चिमूटभर अंदाजाने टाकण्याची ही गोष्ट नव्हे. (रसायनात बांधलेल्या तांब्याच्या तयार औषधांची मात्रा वेगळी असते.)

अडचण एवढ्यावर संपत नाही. बोर्डो मिश्रणात आपण चुना मुद्दाम घालतो, कारण तो तांब्याला बांधून ठेवतो. टाकीत नेमकी हीच क्रिया नुकसान करते. शिंपले, प्रवाळ आणि चुनखडीची वाळू पाण्यातील तांबे ओढून घेतात. सकाळी योग्य असलेली मात्रा काही काळाने अपुरी ठरते. त्यामुळे सायट्रिक आम्लासारखे पदार्थ मिसळून तांबे विरघळलेले ठेवण्याची आणि पाण्यातील तांबे रोज मोजण्याची पद्धत आली.

५. तांब्याच्या मर्यादा आणि पर्याय

जी मात्रा मासा सहन करतो, ती खेकडे, गोगलगाई, समुद्रफुले आणि प्रवाळ यांना मारक ठरते. म्हणून उपचार मुख्य टाकीत न करता, वाळू-दगड नसलेल्या वेगळ्या टाकीत करावा लागतो.

१९८५ साली इस्रायलमध्ये कोलोर्नी यांनी वेगळा मार्ग दाखवला. क्रिप्टोकॅरिऑनला पाण्याची क्षारता एकदम कमी झालेली सोसत नाही, पण अनेक समुद्री मासे ती सोसतात. मात्र अमायलोओडिनियम कमी क्षारतेतही तग धरतो. म्हणजे रोगाचे निदान चुकले तर हा उपाय वाया जातो. मलेरियावरचे क्लोरोक्विन हे औषधही १९८० च्या दशकात अमायलोओडिनियमविरुद्ध तपासले गेले.

समारोप

हा विषय केवळ हौसेचा नाही. भारतात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात २०१० साली मोदा, म्हणजे कोबिया, माशाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी झाले. अशा केंद्रांत प्रजननासाठी ठेवलेले मासे मोजकेच आणि वर्षानुवर्षे जपलेले असतात. उष्ण पाण्यात हे परजीवी वेगाने वाढतात. एका तपासणी न केलेल्या माशाबरोबर रोग आत आला, तर अनेक वर्षांचे कष्ट आठवड्यात बुडू शकतात. म्हणूनच नव्या माशाला काही आठवडे वेगळे ठेवणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

या इतिहासाचा क्रम ध्यानात ठेवा. १९३१ ते १९३६ या काळात परजीवीचे चक्र कळले आणि तांब्याचा उपचार आला १९५५ साली. ते चक्र हाताशी होते, म्हणूनच औषध किती दिवस द्यायचे याला आधार मिळाला. ठिपके गेले म्हणून ज्यांनी औषध थांबवले, त्यांचे मासे पुन्हा आजारी पडले.

स्वाध्याय

१. समुद्रात सौम्य असणारा परजीवी टाकीत घातक का ठरतो?
२. तांब्याचा उपचार परजीवीच्या कोणत्या अवस्थेवर परिणाम करतो? त्यावरून उपचाराचा कालावधी कसा ठरतो?
३. प्रवाळ असलेल्या टाकीत मोरचूद का वापरू नये? दोन कारणे लिहा.
४. ‘ठिपके गेले म्हणजे रोग गेला’ या समजुतीची तुमच्या शब्दांत चिकित्सा करा.