हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील आपले ज्ञातिबांधव

आपल्या कुंभार समाजाच्या इतिहासाविषयी लिहिताना लेखणी बहुधा तेर, पंढरपूर आणि श्रीसंत गोरोबाकाका यांच्याभोवतीच फिरते. ते स्वाभाविकही आहे. परंतु जेथे मराठी आणि कानडी या दोन भाषांची गाठ पडते, तेथे आपला समाज कसा नांदत आला, याचा विचार सहसा होत नाही.

तो करण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो असा. ट्रॉम्बे येथील एका ज्ञातिबांधवाच्या मुलासाठी संकेश्वरकडील मुलीचे स्थळ आले होते. मुलगी सुशिक्षित, घराणे कष्टाळू. पण घरात कानडी बोलतात, एवढ्याच कारणावरून ‘ते आपल्यातले नव्हेत’ असा निर्णय वडीलधाऱ्यांच्या बैठकीत झाला. त्या बैठकीत आम्हीही मान डोलावली. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेल्या मनुष्याने चौकशी न करता मान डोलवावी, ही गोष्ट पुढे मनास लागून राहिली. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आम्ही ते खोरे स्वतः पाहण्यास निघालो.

सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोली येथे एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. कोकणाकडे पाठ फिरवून ती पूर्वेची वाट धरते. आजऱ्याजवळ रामतीर्थाच्या खडकांवरून उड्या घेत ती डोंगर मागे टाकते, गडहिंग्लजच्या मोकळ्या शिवारात येते, संकेश्वरावरून कर्नाटकात जाते आणि अखेर घटप्रभेस मिळते. घटप्रभा! कुंभाराने आवर्जून ध्यानी ठेवावे असेच हे नाव आहे.

आजऱ्यास कानी पडते ती मराठी. गडहिंग्लजच्या पुढे हलकर्णी, हेब्बाळ अशी गावांची नावेच दुसऱ्या भाषेची चाहूल देतात. ही गावे महाराष्ट्रात असूनही तेथे अनेक घरांत कानडी बोलली जाते. उलट निपाणी, संकेश्वर ही गावे कर्नाटकात असून तेथे कित्येक घरांची भाषा मराठी आहे. भाषा येथे भिंतीसारखी उभी नाही. एका घरातून दुसऱ्या घरात विस्तव न्यावा, तशी ती नेली-आणलेली आहे.

इतिहासही हेच सांगतो. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शके ६७५चा, म्हणजे इसवी सन ७५३-५४चा ताम्रपट सापडला. या राष्ट्रकूटांना मराठी व कानडी असे दोन्ही भाषांचे लोक आपले म्हणतात. त्यांच्याच दरबारात नवव्या शतकात रचल्या गेलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. तर दूर दक्षिणेस श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांशी मराठी लेख कोरलेला आहे. कोणाची हद्द कोठे धरावी?

मग आजची सीमा आली कोठून? गडहिंग्लज व आजरा हा मुलूख कोल्हापूर संस्थानाकडे होता, तर संकेश्वर इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तेवढा कोल्हापुरास जोडला गेला. म्हणजे या खोऱ्यापुरती ही सीमा मुळात बोलीची नसून महसुलाची आहे. सीमाभागातील मराठी जनतेचे गाऱ्हाणे खरे आहे. १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे सर्वश्रुत आहे. पण राज्याची सीमा कोठे असावी हा एक प्रश्न, आणि ज्ञातीची सीमा कोठे असावी हा दुसरा. आम्ही बैठकीत या दोहोंची गल्लत केली होती.

संकेश्वरच्या अलीकडे एका खेड्यात आम्ही ज्ञातीतील एका घरी उतरलो. वृद्ध मालकीणबाईंनी “बर्री, कुंदर्री” म्हणत घोंगडे अंथरले आणि लगेच “बसा की, उभे का?” असे मराठीतही म्हटल्या. सुनेशी कानडी, आमच्याशी मराठी. आणि दोन्हींत कोठेही अडखळणे नाही. भिंतीवर विठोबाची तसबीर, तिच्याशेजारी बसवेश्वरांची. आम्ही कुंभार, ते कुंबार. आम्ही माती म्हणतो, ते मण्णु म्हणतात. पण चाकावरून उतरले की आमचेही मडके आणि त्यांचेही मडके! आमचे गाडगे त्यांच्याकडे गडिगे होते, इतकेच.

त्या घरच्या मुलाने आम्हांस कुंबार गुंडय्याची कथा सांगितली. हा शिवभक्त कुंभार मडक्यावर ताल धरून नाचू लागे आणि त्याची भक्ती पाहून प्रत्यक्ष शंकर त्याच्यासवे नाचले. हरिहर या प्राचीन कानडी कवीने त्याच्यावर काव्य रचले आहे. ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे गोरोबाकाका उभे राहिले. नामाच्या छंदात चिखल तुडविताना ज्यांना पोटच्या पोराचेही भान उरले नाही, तेच ते काका. एकाचा देव पंढरीत, दुसऱ्याचा कैलासावर. पण हात दोघांचेही मातीचेच. साठी उलटेपर्यंत गुंडय्याचे नाव आमच्या कानी आले नव्हते, याची आम्हांस लाज वाटली.

परत ट्रॉम्ब्यास आलो. १९७६ साली जनता कॉलनीतील वस्ती चित्ता कॅम्पात आणली गेली, तेव्हापासून तमिळ भाषा येथे रोज कानावर पडते. परक्या भाषेच्या शेजाऱ्याशी आपण सुखाने राहतो आणि आपल्याच रक्ताच्या माणसास भाषेवरून परके ठरवितो, हे कसे?

त्या मुलीचा विवाह मध्यंतरी अन्यत्र झाला. ती चूक आता दुरुस्त होण्याजोगी नाही. पण पुढील चुका टाळता येतील. मंडळाच्या नोंदवहीत खोऱ्याच्या दोन्ही अंगांची घराणी लिहून घ्यावीत, आणि सोयरीक ठरविताना घरात कोणती भाषा बोलतात हा प्रश्न वगळावा, अशी आमची नम्र सूचना आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, तेव्हा कच्चे कोण आणि पक्के कोण एवढेच पाहिले. बोली विचारली नाही. त्या बैठकीत कच्चे मडके आम्हीच ठरलो, हे येथे नमूद करतो.